घर एक, कर्जं दोन कशाला?

माझ्या आतेभावाने जुनं घर घ्यायचं ठरवलं तेव्हा बघायला मीही गेलो होतो. न्हाणीघराच्या भिंतीवर त्याने बोटाने टकटक केली, तर एका जागी टाइल पोकळ वाजली. "चार टाइल्स सुटल्यात, बाकी काही नाही," विकणारा म्हणाला. ताबा मिळाल्यावर तिसऱ्या आठवड्यात त्या चार टाइल्स काढल्या. मागचा गिलावा भुगा होऊन हातात आला. त्यामागचा लोखंडी पाइप इतका गंजला होता की नख लावलं तरी पापुद्रे सुटत होते. कित्येक वर्षं तिथून पाणी झिरपत होतं आणि खालच्या खोलीच्या कोपऱ्यात मुरत होतं. तिथे नुकताच रंग मारलेला असल्यामुळे आम्हाला ते दिसलं नव्हतं.

गृहकर्जाचे पैसे तोवर विकणाऱ्याच्या खात्यात गेले होते. साठवलेलं सगळं सुरुवातीच्या भरण्यात आणि नोंदणीच्या खर्चात संपलं होतं. पाइप, वायरिंग आणि ओल एवढ्यासाठीच त्याने वैयक्तिक कर्ज काढलं. ते पुरलं नाही, तेव्हा क्रेडिट कार्ड बाहेर आलं. पुढची काही वर्षं त्या घरातून महिन्याला दोन हप्ते जात होते, आणि जीव खायचा तो लहान कर्जाचा हप्ता. छताचं काम करायचं होतं ते राहूनच गेलं.

या सगळ्यात त्याची चूक काढणं सोपं आहे. आधी नीट तपासून घ्यायला हवं होतं, हाताशी पैसे ठेवायला हवे होते, हे सगळे त्याला सांगून झालेत. मला मात्र कर्ज देणाऱ्यांना एक प्रश्न विचारायचा आहे. घर जुनं आहे, त्यात काम निघणार आहे, हे बँकेच्या मूल्यमापकाने स्वतः येऊन पाहिलं होतं. मग घर घेण्यासाठी एक कर्ज आणि ते राहण्याजोगं करण्यासाठी वेगळं, जास्त महाग कर्ज, अशी वाटणी का? घेणाऱ्याच्या मनात तर तो एकच निर्णय असतो. जुनं घर घेणारा माणूस दुरुस्तीसकट घर घेत असतो. तारणही तेच घर असतं. दुरुस्तीमुळे ते तारण पक्कंच होतं. तरीही भिंतीबाहेरच्या घराला तीस वर्षांची मुदत आणि भिंतीतल्या पाइपला पाच वर्षांची, असा हा हिशेब आहे.

खरेदी आणि दुरुस्ती यांना मिळून एकच गृहकर्ज ही जुन्या घरांसाठी सरसकट उपलब्ध असणारी, साधी गोष्ट असायला हवी, असं माझं ठाम मत आहे. आज ते जिथे मिळतं तिथेही आडवळणाने मिळतं आणि बहुतेक घेणाऱ्यांना ते असतं हेच ठाऊक नसतं.

यात नवं किंवा धाडसी असं काही नाही, हे आधी स्पष्ट करतो. दुरुस्तीचा खर्च गृहकर्जात घालणं आजही सर्रास चालतं, फक्त तो दुसऱ्याच्या हातून घातला जातो. मोडकळीला आलेलं घर रोख पैसे असलेला व्यापारी उचलतो, पाइप बदलतो, फरशी टाकतो, रंग देतो आणि वाढीव किमतीला विकतो. ते घर घेणाऱ्याला बँक विनातक्रार पूर्ण मुदतीचं कर्ज देते. त्या कर्जात दुरुस्तीचा खर्च असतोच, शिवाय व्यापाऱ्याचा नफाही असतो, आणि दोन्ही तीस वर्षं व्याजासकट फेडायचे असतात. म्हणजे दुरुस्तीला कर्ज द्यायला बँकेची हरकत नसते. राहायला येणारा माणूस ती स्वतः करून घेणार म्हटला की हरकत येते. बरं, व्यापाऱ्याने काम कसं केलं हे घेणाऱ्याला दिसतही नाही. त्याच्या वाट्याला वरचा रंग येतो. आतला पाइप नवा आहे की जुनाच, हे कळायला त्यालाही एखाद दिवशी टाइल फोडावी लागते.

रोख पैसे असलेल्याला जुनं घर स्वस्तात मिळतं आणि नसलेल्याला तेच घर महागात, याचं एक कारण कर्जाच्या या रचनेत आहे. घरांच्या किमतींबद्दल एवढं बोललं जातं, पण या कारणाचा उल्लेख क्वचितच होतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

एकत्र कर्ज कसं चालतं हे पाहायचं तर अमेरिकेतल्या फेडरल हाउसिंग अॅडमिनिस्ट्रेशनच्या, म्हणजे एफएचएच्या, २०३(के) योजनेकडे बघावं. नॅशनल हाउसिंग अॅक्ट हा कायदा १९३४ चा. त्यातल्या २०३(के) या कलमाला खरेदी आणि पुनर्बांधणी यांचं एकत्र कर्ज असं आजचं रूप आलं ते १९७८ मध्ये कायद्यात झालेल्या बदलाने. कर्ज बँकच देते, सरकार त्याचा विमा उतरवते. घर किमान एक वर्ष जुनं असावं लागतं आणि त्यात चारपर्यंत बिऱ्हाडं चालतात. मूल्यमापक त्या घराची आजची किंमत पाहतोच, शिवाय ठरलेलं काम पूर्ण झाल्यावर ते किती किमतीचं होईल तेही मांडतो. कर्जाचा हिशेब या दुसऱ्या आकड्याशी बांधलेला असतो. सगळा फरक इथे पडतो. नेहमीचं गृहकर्ज आज डोळ्यांसमोर आहे त्या पडक्या घराच्या किमतीवर मिळतं, आणि पडक्या घराच्या किमतीत ते उभं करण्याचे पैसे कधीच बसत नाहीत.

यातली एक तरतूद मला विशेष शहाणपणाची वाटते. आजची किंमत आणि कामाचा खर्च यांची बेरीज कामानंतरच्या किमतीपेक्षा थोडी जास्त झाली तरी त्या किमतीच्या ११० टक्क्यांपर्यंत ती हिशेबात धरता येते. कारण सगळी दुरुस्ती किमतीत दिसत नाही. नवा ओटा दिसतो, नवी फरशी दिसते. वायरिंग बदलल्याचे पैसे मात्र घर बघायला येणारा कुणी द्यायला तयार नसतो, आणि आग लागायची ती जुन्या वायरिंगमुळेच. किमतीत उतरेल तेवढ्याच कामाला कर्ज, असा काटेकोर नियम केला तर लोक दिसणारी कामं करतील आणि गरजेची मागे टाकतील.

नेदरलँड्समध्ये हीच गोष्ट 'बाउडेपो' नावाच्या खात्याने होते. दुरुस्तीसाठीचा कर्जाचा भाग कर्जदाराच्या हातात येत नाही, तो बँकेकडच्या वेगळ्या खात्यात राहतो. काम झालं, बिल आलं, ते पाठवलं की पैसे सुटतात. तिथे २०१८ पासून घराच्या किमतीच्या १०० टक्क्यांपेक्षा जास्त गृहकर्ज मिळत नाही, पण ऊर्जा वाचवणाऱ्या कामांसाठी ही मर्यादा १०६ टक्क्यांपर्यंत जाते, आणि घर सुधारणार असाल तर सुधारल्यानंतरची किंमत धरली जाते. तिथल्या माणसाला हे विशेष वाटतही नाही. घर घेताना दुरुस्तीचं खातं उघडणं हा खरेदीच्याच कागदपत्रांतला एक कागद असतो. हे असंच साधं झालं पाहिजे.

आता या मताविरुद्धचं सगळ्यात वजनदार म्हणणं. ते मला सहजासहजी बाजूला सारता येत नाही. तीस वर्षांच्या कर्जात दुरुस्ती घातली की तिच्यावर तीस वर्षं व्याज जातं. आकडे मांडून बघू. दुरुस्तीला एक लाख लागले असं धरा, चलन कुठलंही असो. ते वैयक्तिक कर्ज म्हणून १२ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर महिन्याला साधारण २,२२४ जातात आणि एकूण फेड सुमारे १ लाख ३३ हजार होते. तेच गृहकर्जात ६.५ टक्क्यांनी तीस वर्षांसाठी घातले तर हप्ता फक्त ६३२ ने वाढतो, पण एकूण फेड सुमारे २ लाख २७ हजार. व्याजाचा दर निम्म्याजवळ, आणि तरी फेड लाखाच्या जवळपास जास्त. 'हप्ता किती हलका बघा' म्हणून एकत्र कर्ज गळ्यात मारणाऱ्याने हा दुसरा आकडा सांगितला नाही तर ती फसवणूक आहे.

पण हिशेब इथे थांबवू नका. तेच एक लाख गृहकर्जाच्या दराने घेऊन पाच वर्षांत फेडले, तर हप्ता १,९५७ च्या आसपास येतो आणि एकूण फेड १ लाख १७ हजारांच्या घरात. वैयक्तिक कर्जाहून ही कमीच झाली. मुदतीआधी फेड करायला दंड नसेल, आणि एफएचएच्या कर्जाला तो नसतो, तर निवड कर्जदाराच्या हातात राहते. ज्या महिन्यात जमेल त्या महिन्यात मुद्दलात जास्त भरायचं, नोकरी गेली किंवा घरात आजारपण आलं तर कमी हप्त्यावर निभवायचं. वैयक्तिक कर्जात ही मोकळीक नसते. नवीन घरातली पहिली दोन-तीन वर्षं हात सगळ्यात आखडलेला असतो आणि दुसरा हप्ता नेमका तेव्हाच सगळ्यात मोठा असतो. आतेभावाच्या घरी मी हे बघितलंय. त्याला एकूण व्याज किती जातंय याची फिकीर करायला सवडच नव्हती. पाच तारखेला खात्यात किती उरणार, एवढंच त्याला दिसत होतं.

आणखी एक भेद करायला हवा. छत, पाया, पाइप, वायरिंग ही कामं तीस वर्षं टिकायची असतात, ती घराबरोबरच फेडली तर त्यात गैर काही नाही. पडदे, सोफा, शोभेचे दिवे दहा वर्षांत जुने होतात. त्यांचे पैसे तीस वर्षं फेडणं मलाही पटत नाही. २०३(के) मध्ये नवा पोहण्याचा तलाव किंवा टेनिसचं मैदान अशा चैनीच्या कामांना पैसे मिळत नाहीत. मर्यादा अशीच असावी, आणि थोडी आणखी कडक असली तरी चालेल.

व्याजाहून मोठी भीती मात्र लबाडीची आहे, आणि ती कल्पनेतली नाही.

नव्वदच्या दशकात याच अमेरिकी योजनेचा गैरवापर झाला. गुंतवणूकदार पडकी घरं या कर्जावर घेत होते. चौकशीनंतर १९९६ मध्ये त्यांना योजनेतून बाहेर काढलं गेलं. पण ना-नफा संस्थांसाठी दार उघडं राहिलं. न्यू यॉर्कमध्ये, हार्लेम आणि ब्रुकलिनमध्ये, सट्टेबाजांनी पडक्या इमारती स्वस्तात उचलल्या आणि अशा संस्थांना फुगवलेल्या किमतीला विकल्या. मूल्यमापकांनी ते आकडे पुढे केले आणि बँकांनी कर्जं दिली, कारण बुडालं तर सरकार भरणार होतं. दुरुस्तीसाठीचे पैसे निघाले, काम झालंच नाही. हप्ते थकले, सरकारने विम्याचे पैसे भरले, आणि शेकडो इमारती तशाच पडक्या राहिल्या. काहींत भाडेकरू राहत होते. गळकं छत आणि बंद पडलेल्या शेगड्या त्यांच्या वाट्याला आल्या, आणि मालक कोण हेच त्यांना कळेना.

या प्रकरणाचं नाव घेऊन अनेकजण म्हणतात की हे एकत्र कर्जच नको. मी उलट म्हणतो. हार्लेममध्ये काय तुटलं ते नीट पाहा. घरात राहायला येणारं कुणी नव्हतं, त्यामुळे काम झालं की नाही याची टोचणी कुणालाच नव्हती. किंमत ठरवणारा, विकणारा आणि कर्ज देणारा यांची तोंडं एकाच दिशेला होती. पैसे कामाच्या पुढे धावले. वैयक्तिक कर्जात या तिन्हींवर काहीच पहारा नसतो. कंत्राटदार निम्मे पैसे आगाऊ घेऊन गायब झाला तर दुसऱ्या कर्जाचा कर्जदार एकटा रडत बसतो, बँकेला त्याचं काही देणंघेणं नसतं. एकत्र कर्जात निदान पहारा बसवायला जागा आहे.

तो पहारा कसा असावा याचं बरंचसं उत्तर त्याच योजनेच्या आजच्या नियमांत आहे. मोठ्या कामाला स्वतंत्र सल्लागार नेमावाच लागतो. तो आधी घर पाहून कामांची यादी आणि खर्च लिहितो, नंतर प्रत्येक टप्प्यावर येऊन काम तपासतो. पैसे जास्तीत जास्त पाच टप्प्यांत सुटतात आणि प्रत्येक टप्प्यातले १० टक्के शेवटपर्यंत अडकवून ठेवले जातात. व्यवहार झाल्यापासून ३० दिवसांत काम सुरू व्हावं लागतं. जुन्या इमारतीत भिंत फोडल्यावर काय निघेल सांगता येत नाही म्हणून खर्चाच्या १० ते २० टक्के रक्कम राखीव ठेवली जाते. काम चालू असताना घरात राहता येणार नसेल तर काही महिन्यांचे हप्तेही कर्जातच धरता येतात, नाहीतर माणूस एकीकडे भाडं आणि दुसरीकडे हप्ता यांत भरडला जातो.

राखीव रकमेबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. तिला लोक बँकेने उगाच वाढवलेला आकडा समजतात आणि कमी करून घ्यायला भांडतात. जुन्या घराच्या भिंतीत हात घातलेला कोणताही गवंडी सांगेल की पहिला अंदाज क्वचितच खरा ठरतो. आतेभावाच्या न्हाणीघरात चार टाइल्सचं काम होतं. पाइप निघाला, मग शेजारच्या भिंतीतली वायर त्याच ओलीने खराब झालेली निघाली, मग खालच्या खोलीचा गिलावा. प्रत्येक वेळी कंत्राटदार काम थांबवून पैशांचं विचारायचा आणि प्रत्येक वेळी भिंत आठ-आठ दिवस उघडी राहायची. राखीव रक्कम असती तर ती कामं एका दमात झाली असती. न वापरलेली रक्कम मुद्दलात वळती करता येते, मग ती ठेवण्यात तोटा कसला?

आता या योजनेतलं मला न पटणारं. ती इतकी किचकट करून ठेवली आहे की विकणारे या कर्जाचं नाव ऐकूनच पाठ फिरवतात. रोख देणारा महिनाभरात व्यवहार उरकतो. एकत्र कर्जवाल्याला आधी कंत्राटदार शोधायचा, अंदाजपत्रक आणायचं, सल्लागाराचा अहवाल, मग मूल्यमापन, आणि हे सगळं घर अजून आपलं झालेलं नसताना. विकणारा एवढं कशाला थांबेल? शिवाय २०३(के) मध्ये विम्याचा हप्ता पूर्ण रकमेवर बसतो, सुरुवातीलाच १.७५ टक्के आणि पुढे दरवर्षी वेगळा. कंत्राटदारही नाखूष असतात, कारण पैसे काम झाल्यावर मिळतात आणि सामान मात्र आधी आणावं लागतं. परिणामी जे कर्ज कमी पैसेवाल्या घेणाऱ्यासाठी होतं ते मिळवायला चिकाटी, सवड आणि ओळखी लागतात. या तिन्ही गोष्टी त्याच्याकडेच सगळ्यात कमी असतात.

लहान कामांसाठीची सोपी शाखा आहे. तिथे सल्लागाराची सक्ती नाही, पण इमारतीच्या सांगाड्याला हात लावता येत नाही. तिची मर्यादा कित्येक वर्षं ३५,००० डॉलरवर अडकून होती. २०२४ च्या नोव्हेंबरात ती ७५,००० झाली आणि काम पुरं करायची मुदतही वाढली. उशीर झाला, पण दिशा बरोबर आहे. मधल्या काळात सामान आणि मजुरी वाढत गेली आणि मर्यादा तिथेच राहिली, तेव्हा छतासकट काम करायचं तर लोकांना मोठ्या शाखेच्या कागदांत अडकावं लागायचं.

माझी मागणी फार गुंतागुंतीची नाही. जुन्या घरासाठी गृहकर्जाचा अर्ज आला की बँकेनेच विचारावं, यात काम किती निघणार आहे? मूल्यमापक घरी जातोच, त्याने दोन आकडे लिहावेत, आजचा आणि कामानंतरचा. तपासनीस कंत्राटदाराच्या खिशातून पगार घेणारा नसावा, आणि विकणाऱ्याने किंवा दलालाने सुचवलेला तर नसावाच. घेणारा स्वतः राहणार असला पाहिजे, हार्लेमनंतर यात सूट मागायची कुणाची हिंमत होऊ नये. खरेदीचा भाग आधी सुटावा आणि दुरुस्तीचा भाग वेगळ्या खात्यात बंद राहावा, म्हणजे विकणाऱ्याला कंत्राटदाराच्या अंदाजपत्रकासाठी ताटकळत बसावं लागणार नाही. सविस्तर अंदाजपत्रक ताबा मिळाल्यावर ठरावीक दिवसांत आणता येईल, कारण अंगण ओलांडून आत शिरल्याशिवाय खरा अंदाज येतच नाही. हा शेवटचा बदल बँकांना जड जाईल, कारण त्यांना थोडी अनिश्चितता पत्करावी लागेल. आज ती सगळी अनिश्चितता घेणाऱ्याच्या डोक्यावर आहे, आणि दोघांपैकी ती पेलायची ताकद कुणाकडे जास्त आहे हे उघड आहे.

आणि तपासणी भिंत उघडी असताना व्हावी. नवा पाइप बसवून, पाणी सोडून, सांध्यांवरून कोरडा हात फिरवून पाहावं, फोटो काढावा, मगच गिलावा करायची आणि पैसे सोडायची परवानगी द्यावी. आतेभावाने हे स्वतः केलं. टाइल्स लावायच्या आदल्या रात्री टॉर्च घेऊन तो त्या भोकात डोकं घालून बसला होता, प्रत्येक सांध्याला कागदाचा कपटा लावून तो ओला होतो का बघत. त्याच्या बँकेला या कामाचा पत्ताही नव्हता. घर तिच्याकडेच तारण होतं.